टोपी काढलेले निळूभाऊ

आमच्या गावची जत्रा चैत्रात भरते. माझ्या लहानपणी त्या आठवड्यात माळावर टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष, मध्ये सुतळीची दोरी, आणि पोरं कुठंही. प्रोजेक्टर एकच. रीळ संपलं की बल्ब लागायचा आणि पुढचं रीळ चढेपर्यंत शेंगा फोडल्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा. मी सात-आठ वर्षांचा असेन. आजीच्या मांडीवर डोकं टेकून सिनेमा बघायचो आणि निम्म्यात झोपून जायचो.

निळू फुले पडद्यावर आले की मात्र जाग यायची, कारण आजीची मांडी ताठ व्हायची.

"आला बघ मुडदा," ती म्हणायची. अजून त्यांनी काहीही केलेलं नसायचं. पारावर नुसते बसलेले असायचे. धोतराचा सोगा हातात, टोपी कपाळावर जराशी तिरकी. समोरून कुणी बाई घागर घेऊन चाललेली. मान वळायची नाही, नुसते डोळे तिच्या मागोमाग जायचे आणि ओठाचा एक कोपरा हलायचा. एवढ्यावर बायकांच्या अंगाची कुजबुज बंद व्हायची. कुणीतरी पदर सारखा करायचं. तंबूत, अंधारात, जिथं त्यांच्याकडे कुणीही बघत नव्हतं, तिथं बायका पदर सारखा करायच्या. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. पुढं नाटक-सिनेमावर मोठमोठी भाषणं ऐकली, पण अभिनय म्हटलं की अजून मला आधी तो पदर दिसतो.

दोरीच्या पलीकडे आजोबा मात्र गालात हसत बसलेले असायचे. घरी आल्यावर त्यावरून दोघांची जुंपायची.

"अगं, त्यो हसवणारा गडी हाय. म्या बघितलाय त्याला स्टेजवर. हसून हसून पोटात दुखलं हुतं."

"तुमाला काय, तुमी बाप्यं," आजी म्हणायची आणि पाठ फिरवून चुलीपुढं बसायची.

दोघंही खरं तेच सांगत होते. मला ते कळायला बरीच वर्षं लागली.

निळकंठ कृष्णाजी फुले, जन्म १९३० चा, पुण्यातला. बेचाळीसच्या चळवळीत कळता झालेला मुलगा तो. समाजवादी विचारांच्या राष्ट्र सेवा दलात गेला आणि मनाने आयुष्यभर तिथंच राहिला. पोटासाठी पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळीकाम केलं. महिन्याला ८० रुपये पगार, त्यातले १० सेवा दलाला द्यायचे, असं सांगतात. माळीकामाचा उल्लेख त्यांच्यावरच्या प्रत्येक लेखात एका ओळीत येतो आणि लेख पुढं सरकतो. मला तिथं थांबावंसं वाटतं. बागेत वाकून काम करणाऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. साहेब बोलत जातात, हुकूम सोडतात, एकमेकांशी गोड बोलून एकमेकांचा काटा काढतात, आणि माळी तिथंच वाफ्यापाशी असतो. निळूभाऊंनी तिथं नेमकं काय टिपलं हे मी सांगू शकत नाही. पण अधिकार कसा बसतो, कसा खाकरतो, समोरच्याला ताटकळत कसा ठेवतो, हे त्यांना खालून बघून ठाऊक होतं, एवढं त्यांच्या प्रत्येक भूमिकेत दिसतं.

सेवा दलाचं कलापथक ही त्यांची शाळा. तिथं वसंत बापट होते, राम नगरकर होते, दादा कोंडकेही होते. पु. ल. देशपांड्यांचं 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य या कलापथकातलंच. गावोगाव जायचं, मिळेल त्या ओट्यावर उभं राहायचं, आणि लोकांना हसवत हसवत त्यांच्याच गावचं चित्र त्यांच्यापुढं धरायचं. पुढं शंकर पाटलांचं 'कथा अकलेच्या कांद्याची' आलं. निळूभाऊ आणि राम नगरकर या जोडीने ते महाराष्ट्रभर नेलं. आजोबांनी तालुक्याला पाहिलं ते हेच. सांगताना ते उठून उभे राहायचे, खांद्यावरचा पंचा सावरायचे आणि निळूभाऊंची एक बतावणी, म्हणजे लोकनाट्यातला विनोदी संवाद, म्हणून दाखवायला जायचे. शब्द आठवायचे नाहीत. पण उभं राहण्याची ढब यायची. एक पाय पुढं, कंबरेत थोडा बाक, मान कलती. वीस वर्षांपूर्वी एकदा पाहिलेल्या नटाची उभं राहण्याची तऱ्हा एका शेतकऱ्याच्या अंगात राहिली होती.

लोकनाट्यातूनच सिनेमा आला. 'कथा अकलेच्या कांद्याची' बघून अनंत माने यांनी त्यांना 'एक गाव बारा भानगडी'त घेतलं. १९६८ साल. त्यातले झेलेअण्णा गाजले आणि तिथून मराठी सिनेमाला आपला पाटील, आपला सरपंच, आपला चेअरमन मिळाला.

थोडं त्या काळाबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय निळूभाऊ कळायचे नाहीत. महाराष्ट्र राज्य झालं १९६० साली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. त्याच सुमारास वंशपरंपरेची पाटीलकी कायद्याने गेली. वाड्यातला पाटील सरला, पण वाडा तिथंच होता. त्याच वाड्यातला माणूस आता खादी घालून सोसायटीत बसू लागला, कारखान्यावर संचालक झाला, झेडपीत गेला. पूर्वी तो हुकूम सोडायचा. आता त्याला मतं लागत होती, म्हणून तो हात जोडायला शिकला. दरारा तोच, फक्त बोलणं मऊ झालं. हा बदल लेखांतून, अहवालांतून लिहिला गेला असेल. पडद्यावर तो निळू फुल्यांच्या अंगाने आला.

मऊ बोलणं म्हणजे काय, ते मी आमच्याच अंगणात पाहिलंय. एका वर्षी आजोबांनी कारखान्याच्या निवडणुकीत दुसऱ्या पॅनेलला मत दिलं. गावात असं लपत नाही. त्या हंगामात आमच्या उसाला तोड मिळेना, म्हणजे कारखान्याची ऊस तोडणारी टोळी येईना. आजूबाजूचे फड रिकामे झाले, आमच्या उसाला तुरे आले, पाचट वाळून खडखडू लागलं. रोज शेतकी ऑफिसला खेटे. शेवटी आजोबा मला बरोबर घेऊन एका संचालकाच्या घरी गेले. त्यांनी उठून स्वागत केलं. चहा मागवला. माझ्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. "आबा, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब? निरोप धाडायचा की. टोळी यील. आपलाच ऊस हाय." आवाज इतका हळू की ऐकायला पुढं वाकावं लागत होतं. आजोबा पुढं वाकून ऐकत होते, हात जोडलेले. टोळी आली मार्च संपता संपता. उसाचं वजन निम्म्यावर आलं होतं. परत येताना आजोबा वाटेत एकच वाक्य बोलले. "बिस्कीट खाऊ नगंस ते."

त्यानंतर दोनेक वर्षांनी दूरदर्शनवर 'सामना' लागला. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांची पटकथा, निर्मिती रामदास फुटाण्यांची. बर्लिनच्या महोत्सवात १९७५ साली गेलेला सिनेमा. मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. मी हिंदुराव धोंडे पाटील बघितला आणि अंगावर काटा आला, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

हिंदुराव गावाचा, कारखान्याचा, सगळ्याचाच मालक. डॉ. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर कुठून तरी त्याच्या गावात येऊन पडतो, आणि हिंदुराव त्याला घरात आणतो, जेवू घालतो, पाजतो. मास्तर गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? आता या दोघांची जुगलबंदी बघा. लागूंकडे आवाजाची केवढी ताकद, शब्दाला धार लावून फेकण्याची केवढी तयारी. कान-नाक-घशाचे डॉक्टर असलेल्या त्या नटाने 'नटसम्राट'मध्ये अख्खं नाट्यगृह आवाजावर तोललेलं. दुसरा कुठलाही नट समोर असता तर त्याने आवाज चढवला असता. निळूभाऊ आवाज खाली नेतात. प्रश्न आला की आधी काहीच करत नाहीत. जणू प्रश्न शेजारच्या कुणाला विचारलाय. मग नजर वर येते, पापण्या निम्म्या मिटलेल्या, आणि त्या घोगऱ्या आवाजात वाक्य असं सुटतं की जणू पाहुण्याला आणखी एक भाकरी वाढतायत. राग आहे, भीतीही आहे, आणि या फाटक्या म्हाताऱ्याबद्दल खरीखुरी आपुलकीही आहे. तिन्ही एकाच वेळी चेहऱ्यावर, एकाने दुसऱ्याला झाकलेलं नाही. हिंदुरावाला मास्तर मनापासून आवडतो, ही त्या भूमिकेतली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. नुसता दुष्ट माणूस उभा करणं सोपं. ज्याच्या घरचा चहा आपण घेतलाय तो माणूस उभा करणं अवघड. आजोबा माझ्या शेजारी बसून बघत होते. या वेळी ते हसले नाहीत. सिनेमा संपल्यावर बराच वेळ टीव्हीपुढं तसेच बसून राहिले.

माझ्या वडिलांचे निळू फुले आणखी वेगळे होते. ते शिकायला पुण्यात असताना त्यांनी 'सखाराम बाइंडर' पाहिलं आणि घरी कुणाला सांगितलं नाही. तेंडुलकरांचं, १९७२ चं ते नाटक. थोडे प्रयोग होताहेत तोवर सेन्सॉरने अडवलं, दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात गेले आणि तिथून नाटक सोडवून आणलं. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा, त्यांना नियम घालून देणारा, शिव्या देणारा, मृदंग वाजवणारा बुकबाइंडर सखाराम, तो निळूभाऊंचा. लालन सारंगांची चंपा, कुसुम कुलकर्णींची लक्ष्मी. वडील ही गोष्ट मला सांगायला मोकळे झाले तेव्हा मी तिशी ओलांडली होती. ते म्हणाले, "मी राग राग करायच्या तयारीने गेलो होतो. तिसऱ्या अंकात सखाराम घाबरलेला दिसला आणि माझा राग कुठं गेला तेच कळेना. होस्टेलपर्यंत चालत आलो. वाटेत मित्राशी एक अक्षर बोललो नाही."

मला ते नाटक निळूभाऊंकडून बघायला मिळालं नाही, याची चुटपुट जन्मभर राहील. सिनेमा मागं उरतो. नाटकातलं जे होतं ते बघणाऱ्यांच्या बरोबर जातं. जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त'मध्ये त्यांनी म्हातारा गांधीवादी आप्पाजी केला होता. गावोगावच्या तंबूत ज्यांच्या नावाने बोटं मोडली जायची तेच निळू फुले रंगमंचावर स्वातंत्र्याचं काय झालं म्हणून तळमळणारा सत्याग्रही उभा करत होते. त्यांच्या मनाच्या सगळ्यात जवळचा माणूस तोच असणार, असं मला वाटतं. तो आमच्या गावात कधी आला नाही. नाट्यगृह तालुक्यालाही नव्हतं.

'सिंहासन' मी कॉलेजात पाहिला. १९७९ चा. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, पुन्हा जब्बार पटेल, पुन्हा तेंडुलकर. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू त्यांचे प्रतिस्पर्धी मंत्री, आणि निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस. धोतर नाही, टोपी नाही. सत्तेच्या खेळात त्यांना पहिल्यांदाच मी बघ्याच्या जागी पाहिलं. दिगू सगळीकडे जातो, सगळ्यांचं ऐकतो, सगळं जाणतो. हाताशी काहीच नाही. शेवटी तो वेड लागल्यासारखा हसत सुटतो. त्या हसण्याबद्दल लिहायला बसलो की शब्द अपुरे पडतात. आजोबा ज्या हसवणाऱ्या गड्याबद्दल सांगायचे, तो मला त्या हसण्यात दिसला, पार मोडलेला.

हिंदीत त्यांना 'कुली', 'मशाल' वगैरे मिळाले. तिथलं सोडून देऊ. 'सारांश' मात्र सोडता येत नाही. महेश भटांच्या त्या सिनेमात शिवाजी पार्कातल्या म्हाताऱ्या जोडप्याच्या दारात निळूभाऊंचा पुढारी गजानन चित्रे येतो. पुन्हा तेच मऊ बोलणं, तीच अदब. हिंदी प्रेक्षकाला नवं वाटलं असेल. आम्हाला उसाची तोड आठवली.

आता जे सांगायचंय ते सांगताना माझा आवाज थोडा चढेल. गेल्या काही वर्षांत निळू फुले म्हटलं की तरुण पोरं एकच वाक्य म्हणतात, "बाई, वाड्यावर या." घोगरा आवाज काढतात, मान वाकडी करतात, टाळ्या घेतात. मोबाइलवर त्याची चित्रं फिरतात. हे वाक्य कुठल्या सिनेमातलं, असं मी भेटेल त्याला विचारतो. आजवर एकालाही सांगता आलेलं नाही. नकलाकाराला आवाज उचलता येतो, डोळे उचलता येत नाहीत, म्हणून आवाज तेवढा उरला. पण त्याहून मला खुपतं ते दुसरंच. निळूभाऊंनी पडद्यावर वाडा आणला तो बायकांना त्याची चीड यावी म्हणून. आजी शिव्या द्यायची ते बरोबर होतं. तंबूतली एकही बाई त्या नजरेवर हसली नव्हती. आज आपण त्याच नजरेवर हसतो, तिचा विनोद करतो, आणि समोर बसलेल्या एखाद्या मुलीला त्यात काय वाटत असेल याचा विचारही करत नाही.

हा माणूस कुठं उभा होता, ते तरी आठवावं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते लागूंच्या बरोबरीने होते, नरेंद्र दाभोलकरांबरोबर गावोगाव फिरले. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभारायचं ठरलं, तेव्हा लागू, निळूभाऊ आणि बरोबरीचे नामवंत नट अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' घेऊन दौऱ्यावर निघाले. तिकिटांचा पैसा निधीला. कलापथकातून आलेल्या माणसाला यात वेगळं काही वाटलं नसावं. पगारातले १० रुपये काढून ठेवायची सवय तिशी-चाळिशीत गाजल्यावरही मोडली नाही, इतकंच. १९९१ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. त्याबद्दल ते कुठं फार बोलल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

१३ जुलै २००९ ला पुण्यात निळूभाऊ गेले. अन्ननलिकेच्या कर्करोगाने. शेवटी शेवटी त्या आवाजालाच दुखणं जडलं होतं.

मी तेव्हा सुट्टी काढून गावी आलो होतो. आजोबा जाऊन वीसेक वर्षं झालेली. आजी ऐंशीच्या पुढं गेलेली, पण नजर शाबूत. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला. पहिल्या पानावर फोटो होता. पांढरे केस, खोल गेलेले गाल, साधा शर्ट. टोपी नव्हती. आजी उन्हाला बसून तांदूळ निवडत होती. मी पेपर तिच्यापुढं धरला.

"कोण गं बाई ह्यो? कुणाचा म्हातारा?"

"निळू फुले, आजी. गेले काल."

तिचा विश्वास बसेना. हातातला पेपर तिने उन्हात तिरका धरला, परत सरळ धरला. अंगठ्याने फोटोतलं कपाळ झाकलं, जिथं टोपी असते तेवढं, आणि बघितलं. मग अंगठा काढला आणि पुन्हा बघितलं. सूप मांडीवर तसंच होतं, चिमण्या येऊन दाणे टिपत होत्या, तिने हाकलल्या नाहीत.

"डोळं गरीब हायती की रं ह्याचं," ती म्हणाली. "मग असा कदी आला न्हाई त्यो आमच्या म्होरं?"

मी तिला 'सूर्यास्त'बद्दल सांगायला लागलो. आप्पाजींबद्दल, पुण्या-मुंबईतल्या प्रयोगांबद्दल. ती सगळं ऐकून घेत होती, पण बघत होती फोटोकडेच.